बर्लिनसाठी एकच दिवस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशी विद्यापीठात एका सत्रापुरते शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची आणि इकडे घरी असलेल्या त्यांच्या पालकांची पत्रे या स्तंभाकडे नेहमी येत असतात. त्यांपैकी बर्लिनविषयीची चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत, कारण चौघांची काळजी निरनिराळी असली तरी प्रसंग एकच आहे : हाताशी एकच दिवस आहे आणि शहर अफाट आहे.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची असून विद्यार्थी आदानप्रदान योजनेतून एका सत्रासाठी माग्डेबुर्गच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत आहे. परीक्षेआधीचा एक शनिवार मोकळा आहे आणि त्या दिवशी बर्लिन पाहून रात्री परतायचे आहे. मैत्रिणींनी मिळून केलेल्या यादीत अठरा ठिकाणे झाली आहेत. त्यांतली कोणती ठेवावीत आणि कोणत्या क्रमाने पाहावीत? (एक विद्यार्थिनी, माग्डेबुर्ग)

उत्तर : तुमच्या यादीतली निम्म्याहून अधिक नावे आजच खोडून टाकावीत, असे मी मनापासून सुचवते. बर्लिनला एकच एक मध्यवस्ती नाही. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने पश्चिम बर्लिनभोवती काटेरी तारा ओढायला सुरुवात केली, त्या तारांची पुढे भिंत झाली आणि ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सीमा खुली होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, ही दोन शहरे होती. त्यामुळे पश्चिमेला प्राणिसंग्रहालयाच्या स्थानकाभोवती एक मध्यवस्ती वाढली, पूर्वेला अलेक्झांडरप्लाट्झभोवती दुसरी, आणि पाहण्यासारखी स्थळे या दोन टोकांच्या मध्ये व त्यांच्याही पलीकडे विखुरली. जो यादी घेऊन फिरतो त्याचा निम्मा दिवस भुयारी रेल्वेत जातो आणि त्याच्याजवळ उरतात ती केवळ छायाचित्रे. त्याऐवजी शहर जिथे चिरले गेले ती रेघ धरून चाला. एका दिवसात बर्लिन समजून घेण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

तुमची सोय अशी की, माग्डेबुर्गहून बर्लिनला जाणारी आरई-१ ही प्रादेशिक गाडी पावणेदोन तासांच्या आसपास वेळ घेते आणि थेट फ्रीडरिशस्ट्रास स्थानकावर थांबते. तुमच्या सत्रशुल्कात जर्मनीभर चालणारा प्रवासपास समाविष्ट असेल, तर या गाडीसाठी आणि शहरातल्या प्रवासासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. सकाळी लवकर निघा आणि मुख्य स्थानकावर न उतरता फ्रीडरिशस्ट्रासलाच उतरा, कारण आपली रेघ तिथूनच सुरू होते.

हे स्थानक पूर्व बर्लिनच्या हद्दीत होते, पण पश्चिमेच्या गाड्याही तिथे येत असत. एकाच इमारतीतले काही फलाट या देशाचे आणि काही त्या देशाचे, आणि मधल्या वाटांवर पहारा, अशी तिथली रचना होती. पूर्वेतल्या नातलगांना भेटून पश्चिमेकडे परतणारे लोक १९६२ मध्ये बांधलेल्या काचेच्या एका दालनातून बाहेर पडत. निरोप द्यायला आलेल्यांना दारापाशीच थांबावे लागे आणि पुन्हा भेट कधी होईल, हे कोणालाच सांगता येत नसे. बर्लिनकरांनी त्या दालनाला अश्रूंचा महाल म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव, ट्रेनेनपालास्ट, आजही कायम आहे. २०११ पासून तिथे संग्रहालय आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. पासपोर्ट तपासणीच्या मूळ अरुंद खोपटांपैकी एकातून चालत जाता येते. समोर अधिकारी, मागे बंद दार आणि दोन्ही खांद्यांना लागणाऱ्या भिंती यांच्यामध्ये क्षणभर उभे राहिले की सीमा म्हणजे काय, हे कळायला फलक वाचावा लागत नाही. या संग्रहालयाला पाऊण तास द्या.

मग त्याच स्थानकाच्या तळघरातून उत्तरेकडे जाणारी एस-बान ही शहरी रेल्वे घ्या आणि दुसऱ्याच थांब्यावर, नॉर्डबानहोफला, उतरा. पश्चिमेच्या ज्या गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात, त्या मधल्या स्थानकांवर न थांबता वेग कमी करून पुढे सरकत. मंद दिव्यांच्या त्या फलाटांवर फक्त सशस्त्र पहारेकरी उभे असत. अशा स्थानकांना भुताटकीची स्थानके म्हणत. नॉर्डबानहोफ त्यांपैकीच एक, आणि स्थानकाच्या आतच या इतिहासाचे छोटे प्रदर्शन मांडलेले आहे. ते पाहूनच वर या.

वर आलात की बेर्नाउअरस्ट्रास लागतो. दिवसातला सर्वांत अधिक वेळ, निदान दोन तास, मी या एका रस्त्याला देईन. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात असल्याची बातमी आपण कुतूहलाने वाचली होती. बेर्नाउअरस्ट्रासवर हीच गोष्ट जिवावर बेतली. इथल्या दक्षिणेकडच्या इमारती पूर्व बर्लिनमध्ये होत्या, मात्र त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिम बर्लिनचा होता. घराचा उंबरा ओलांडला की माणूस दुसऱ्या राज्यव्यवस्थेत जात होता. म्हणून आधी दारे बंद झाली, मग खालच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या आणि लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले. खाली पश्चिमेचे अग्निशामक जवान जाळी धरून उभे असत. इडा झीकमान ही बाई २२ ऑगस्ट १९६१ रोजी अशीच उडी मारताना मरण पावली. भिंतीच्या बळींमध्ये तिचे नाव पहिले धरतात. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसे मारली गेली किंवा मरण पावली. त्यांच्या छायाचित्रांची एक जाळीदार चौकट या रस्त्याकाठी उभी आहे. तिच्यात लहान मुलांचेही चेहरे आहेत.

भिंत म्हणजे एकच भिंत नव्हती, हेही इथेच कळते. या रस्त्यावरच्या भिंतीच्या स्मारकासमोरच्या इमारतीच्या मनोऱ्यावर चढून पाहिले की पुढची भिंत, मागची भिंत, मधला मोकळा पट्टा, दिव्यांची रांग आणि टेहळणी बुरूज अशी सगळी यंत्रणा एका तुकड्यात जशीच्या तशी जपलेली दिसते. पश्चिम बर्लिनभोवती ही व्यवस्था सुमारे १५५ किलोमीटर पसरली होती. मधल्या पट्ट्यात एक चर्च अडकले होते. पूर्व जर्मनीच्या सरकारने ते जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडले आणि त्याच जागी २००० साली मातीच्या कुटलेल्या भिंतींची एक लहानशी प्रार्थनाशाळा उभी राहिली. तिच्याभोवती, पूर्वी जिथे गोळी घालण्याचा हुकूम होता त्या जमिनीत, आता राय नावाचे धान्य पेरले जाते. याच रस्त्याखालून १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये खणलेल्या भुयारातून ५७ जण पळून गेले. ते खणणारे बहुतेक तुमच्याच वयाचे विद्यार्थी होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पूर्वेकडच्या ईस्ट साइड गॅलरीतली चित्रे तुमच्या यादीत असणारच. भिंतीचा तो तुकडा सव्वा किलोमीटरहून लांब आहे आणि देखणा आहे, पण त्यावरची चित्रे १९९० मध्ये, म्हणजे सीमा खुली झाल्यानंतर काढलेली आहेत. भिंत पहाऱ्याखाली असताना तिच्या पूर्वेकडच्या अंगाला कोणी रंग लावू शकत नव्हते. एकच ठिकाण निवडायचे तर बेर्नाउअरस्ट्रास निवडावा. चेकपॉइंट चार्ली वगळलात तरी काही गमावणार नाही, कारण तिथली चौकी ही प्रतिकृती आहे आणि भोवतालच्या गर्दीत शांतपणे दोन फलक वाचणेही कठीण होते.

दुपारी यू-८ या भुयारी मार्गाने अलेक्झांडरप्लाट्झला या. या मार्गावरची मधली स्थानकेही तशीच भुताटकीची होती. ३६८ मीटर उंचीचा दूरदर्शन मनोरा खालूनच पाहा. वर जाण्याचे तिकीट महाग आहे आणि रांगेत वेळ जातो. तिथून पश्चिमेकडे तोंड करून चालू लागलात की संग्रहालयांचे बेट, मग उंटर डेन लिंडेन हा लिंडेनच्या झाडांचा रुंद रस्ता, त्याच्या डाव्या हाताला बेबेलप्लाट्झ आणि शेवटी ब्रांडेनबुर्ग दरवाजा अशी सलग पायवाट आहे. बेटावर एकच संग्रहालय पाहायचे तर नॉयेस म्युझियम पाहावे. १९१२ मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेला नेफर्टिटी राणीचा अर्धपुतळा तिथे आहे, आणि युद्धात उद्ध्वस्त झालेली ही इमारत दुरुस्त करताना वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांनी जुन्या जखमा न लपवता जशा जपल्या आहेत, तेही पाहण्यासारखे आहे. पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलेले आहे, म्हणून ते उघडले आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याचा बेत आखू नये. विद्यार्थी ओळखपत्रावर तिकिटात चांगली सवलत मिळते.

बेबेलप्लाट्झवर १० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हजारो पुस्तके जाळली. चौकाच्या फरशीत एक काच बसवलेली आहे. तिच्यातून खाली पाहिले की जमिनीखाली पांढरी, पूर्णपणे रिकामी कपाटे दिसतात. मिखा उलमान यांचे हे स्मारक १९९५ चे आहे आणि त्या कपाटांत सुमारे वीस हजार पुस्तके मावतील एवढी जागा आहे. समोरच रस्त्यापलीकडे विद्यापीठ आहे. या कृत्यात विद्यार्थी पुढे होते, ही गोष्ट तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात घ्यायला हवी.

दिवसाची अखेर राइखस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटावर करा. प्रवेश विनामूल्य आहे, पण नाव, जन्मतारीख आणि वेळ देऊन आधी नोंदणी करावी लागते आणि मोसमात जागा लवकर भरतात, म्हणून हे काम बेत ठरताच उरकावे. मूळ पासपोर्ट जवळ हवा. १८९४ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत फेब्रुवारी १९३३ मध्ये आगीत सापडली, १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी तिच्या भिंतींवर आपली नावे कोरली, भिंतीच्या काळात ती सीमेला अगदी लागून उभी राहिली आणि १९९९ पासून नॉर्मन फॉस्टर यांच्या घुमटासह ती पुन्हा संसद झाली. घुमटातल्या वळणावळणाच्या वाटेने चढताना पायांखाली सभागृह दिसते, म्हणजे नागरिक वर आणि लोकप्रतिनिधी खाली. वरून सकाळपासून चाललेली सगळी वाट ओळखू येते. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घुमटाची वेळ ऋतू पाहून ठरवा.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका मित्राचे म्हणणे असे की, सहलीच्या दिवशी ज्यूंच्या हत्याकांडाचे स्मारक पाहू नये, मन उदास होते. दुसऱ्याला तिथल्या दगडांवर बसून छायाचित्रे काढायची आहेत, कारण त्याने तशी अनेक पाहिली आहेत. आम्ही काय करावे? (एक विद्यार्थी, लाइपझिग)

उत्तर : जावे, आणि छायाचित्रासाठी दगडांवर चढू नये. ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून हे स्मारक काही मिनिटांच्या अंतरावर आहे. मे २००५ मध्ये खुल्या झालेल्या या जागेत पीटर आयझेनमान यांनी काँक्रीटचे २,७११ ठोकळे मांडले आहेत. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे आहेत, पण आत जावे तशी जमीन खाली उतरत जाते, ठोकळे डोक्यावर जातात, रस्त्याचा आवाज बंद होतो आणि बरोबर आलेला माणूस दोन पावलांवर असूनही दिसेनासा होतो. यासाठी एकेकट्याने आत शिरावे. वर कोणतेही नाव कोरलेले नाही. नावे, घरे आणि पत्रे जमिनीखालच्या माहिती केंद्रात आहेत आणि खरे स्मारक मला तिथे भेटले. मारल्या गेलेल्या माणसांची नावे आणि त्यांची थोडक्यात चरित्रे एका अंधाऱ्या दालनात एकामागून एक वाचून दाखवली जातात. हे केंद्र सोमवारी बंद असते.

तुमच्या पहिल्या मित्राला एक गोष्ट जरूर सांगा. बर्लिनमध्ये हा विषय टाळून फिरताच येत नाही, कारण तो पायांखाली आहे. घरांसमोरच्या पदपथात दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. कलावंत गुंटर डेमनिग यांनी सुरू केलेल्या या कामात प्रत्येक चौकोनावर त्या घरातून नेल्या गेलेल्या एका व्यक्तीचे नाव, जन्मसाल आणि शेवट कोरलेला असतो. वाचायला वाकावे लागते. मला तर मोठ्या स्मारकापेक्षा हे चौकोन अधिक अस्वस्थ करतात, कारण त्यांत एका कुटुंबाचे चार चौकोन शेजारी शेजारी असतात आणि चौथ्यावरचे जन्मसाल १९३८ किंवा १९३९ असते. अशा दिवशी मन उदास झाले तर होऊ द्यावे, त्याने सहल बिघडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात मानवशास्त्र शिकते आणि पुढील सत्रात जर्मनीला जाणार आहे. बर्लिनमध्ये महाराष्ट्राशी खरोखर संबंध असलेले एखादे ठिकाण आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, आणि आपल्या मुलीने तर ते पाहायलाच हवे. इरावती कर्वे नोव्हेंबर १९२८ मध्ये बर्लिनला शिकायला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता; पती दिनकर यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट केली होती आणि त्यांचाच आग्रह होता. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन हा खर्च भागवला गेला. शहराच्या नैर्ऋत्येला डालेम नावाचे शांत, झाडीचे उपनगर आहे. तिथे १९२७ मध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची संस्था उभारली गेली होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या अंगांतील असमानतेवर प्रबंध लिहिला. ही असमानता वंशानुसार बदलते आणि तिचा बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा काहीही फरक आढळला नाही, आणि जे आढळले तेच त्यांनी लिहिले. तेविशी-पंचविशीतली, परक्या भाषेत लिहिणारी विद्यार्थिनी आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताविरुद्ध निष्कर्ष मांडते, याचे मोल पुढचा इतिहास माहीत असलेल्या आपल्याला अधिक कळते. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी जे काम उभे केले, ते आपल्या मुलीला अभ्यासातून ठाऊक असेलच.

हीच संस्था पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवणारी ठरली, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षांत योसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरने आउशविट्झच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव तिच्याकडे पाठवले. ईनेस्ट्रास २२ या पत्त्यावरची ती इमारत आजही उभी आहे. ती आता फ्राये विद्यापीठाची असून तिच्या भिंतीवर या गुन्ह्यांची नोंद करणारा फलक १९८८ पासून आहे. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना मानवी हाडे सापडली. त्यांचे दफन मार्च २०२३ मध्ये सन्मानपूर्वक करण्यात आले. मराठी वाचकाने इथे अभिमान आणि विषाद दोन्ही एकत्र घेऊन उभे राहावे, असे मला वाटते. केवळ पहिल्यासाठी जाणे अपुरे ठरेल.

यू-३ या मार्गाने टीलप्लाट्झच्या फ्राये विद्यापीठ स्थानकावर उतरले की इमारत चालत पोहोचण्याजोगी आहे. त्याच परिसरात ती रसायनशास्त्राची जुनी संस्था आहे जिथे ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना डिसेंबर १९३८ मध्ये अणुविभाजनाचा पुरावा मिळाला. त्यांच्या सहकारी लीझ माइटनर यांना ज्यू वंशामुळे काही महिने आधीच देश सोडावा लागला होता. इमारतीला आज हान आणि माइटनर या दोघांचे नाव आहे. फ्राये विद्यापीठही विभाजनातूनच जन्मले. युद्धानंतर सोव्हिएत ताब्यात गेलेल्या विभागातल्या जुन्या विद्यापीठातली घुसमट नको म्हणून विद्यार्थी आणि प्राध्यापक बाहेर पडले आणि १९४८ मध्ये त्यांनी ते स्थापन केले. मध्य बर्लिनहून डालेमला जाऊन येऊन अडीच-तीन तास मोडतात, तेव्हा त्या दिवशी नॉयेस म्युझियम सोडून द्यावे.

प्रश्न : माझी मुलगी मैत्रिणींसह बर्लिनला एका दिवसासाठी जाणार आहे. सुरक्षितता, शाकाहारी जेवण आणि खर्च यांविषयी काय सांगाल? (एक पालक, सांगली)

उत्तर : दिवसा मध्य बर्लिनमध्ये मुलींनी फिरण्यात विशेष काळजीचे कारण नाही, पण खिसेकापू गर्दीच्या स्थानकांवर आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी असतात. हातात कागद घेऊन सही मागणाऱ्यांपाशी थांबू नये, नम्रपणे नको म्हणून पुढे जावे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये असू द्यावेत.

प्रवासपास नसेल तर शहराच्या ए-बी या भाडेविभागांचे २४ तासांचे तिकीट घ्यावे. यंत्रातून काढलेले कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तिथे आत जायला दार नसते, म्हणून नवखे लोक हे विसरतात आणि साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने पकडले की ६० युरो दंड भरावा लागतो. विद्यार्थी आहे, परदेशी आहे, ही सबब चालत नाही. जेवणासाठी तुर्की आणि अरबी दुकानांत फलाफल किंवा भाज्या व पनीरसारखे चीज घातलेली पोळीची गुंडाळी सर्वत्र मिळते. सॉसेजवर करीची भुकटी घातलेला बर्लिनचा प्रसिद्ध पदार्थ मात्र मांसाचा असतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, तेव्हा घरूनच बाटली न्यावी. विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवरची २५ सेंटची अनामत दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, खरेदी करायचीच असेल तर शनिवार बरा.

परतीसाठी रात्रीच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. प्रादेशिक गाड्या उशिरा धावणे किंवा रद्द होणे जर्मनीत आता नवे राहिलेले नाही, म्हणून शेवटच्या आधीची गाडी धरायची असे मुलींनी सकाळीच ठरवावे आणि राइखस्टागच्या घुमटाची वेळ त्याप्रमाणे निवडावी.